कॉलेज फुटबॉलच्या बचावाला नवा सूत्रधार कसा निवडतात?

प्रश्न असा आला आहे: मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते, तिच्या नादाने घरातले सगळे शनिवारचं कॉलेज फुटबॉल बघायला लागले. यंदा तिच्या संघाने गुणांची खैरात केली आणि नोव्हेंबर संपता संपता डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला नारळ मिळाला. आता नवा कोण, यावर घरात तीन तट पडलेत. भाच्याचं म्हणणं, सरळ एनएफएलमधला, म्हणजे व्यावसायिक लीगमधला, माणूस आणावा. मुलीच्या मित्रमंडळींना पंधरा वर्षांपूर्वी तिथेच गाजलेला जुना कोच परत हवाय. विचारणाऱ्या काकांचं स्वतःचं मत, गेल्या हंगामात ज्याचा बचाव आकड्यांत वरचा होता त्यालाच जास्त पैसे देऊन उचलावं. प्रत्यक्षात हे ठरतं कसं?

काका, तुमच्या घरातली तिन्ही मतं मी बंद खोलीत, गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली आहेत. आणि त्यातलं तुमचं मत तर मी स्वतःच एकदा लेखी दिलं होतं. ते कसं अंगाशी आलं ते पुढे सांगतो.

माझी ओळख एवढीच: मूळचा सांगलीकडचा, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायला इकडे आलो, विद्यापीठाच्या फुटबॉल ऑफिसात तासावारी पैशांवर सामन्यांचे व्हिडिओ कापायला लागलो आणि तिथेच रुजलो. पुढची चौदा वर्षं दोन विद्यापीठांत बचावाचा विश्लेषक होतो. त्या काळात तीन वेळा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, आमच्या बोलीत 'डीसी', निवडताना मी त्या खोलीत होतो. मत द्यायला नव्हे, आकडे पुरवायला आणि टिपणं काढायला. विद्यापीठांची नावं सांगत नाही, तिथली माणसं अजून याच धंद्यात पोट भरतात.

डीसी करतो काय, हे आधी दोन वाक्यांत. बचावाच्या अकरा जणांनी कुठे उभं राहायचं, कोणी चेंडूवाल्यावर तुटून पडायचं आणि कोणी मागे हटून जागा राखायची, हे प्रत्येक चालीआधी तो ठरवतो, सामन्यात साठ-सत्तर वेळा. एक चाल संपली की ४० सेकंदांचं घड्याळ लागतं, आणि घाईने खेळणारा प्रतिस्पर्धी त्यातले निम्मे सेकंदही हाती लागू देत नाही. कबड्डीत सात जणांची साखळी असते, कव्हरने अर्धं पाऊल आधी टाकलं तर कोपरा उघडा पडतो आणि पकड फसते. इथे साखळी अकरा जणांची आणि चढाई करणारेही अकरा.

आता निवडीकडे. पहिला प्रश्न उमेदवारांबद्दल नसतोच, नसावा. तो असतो जुना का गेला याचा. "गुण फार दिले" हे उत्तर म्हणजे "ताप आला होता" म्हणण्यासारखं आहे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा ते कळल्याशिवाय औषध काय देणार? खेळाडूच कमी पडले, की खेळाडू चांगले होते पण त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं, की कळत होतं पण प्रतिस्पर्ध्यांनी तुमची चालींची पोथी पाठ केली होती, हे तीन वेगवेगळे आजार. पहिल्या आजारावर डीसी बदलून काही उपयोग नाही, तरी तोच उपाय सर्वांत जास्त वेळा केला जातो, कारण तीस खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं.

तिसऱ्या आजाराचं पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण म्हणजे मिशिगन विद्यापीठ. डॉन ब्राउन २०१६ मध्ये तिथे डीसी म्हणून आला. प्रत्येक रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, एकेक माणूस चिकटवायचा, म्हणजे मॅन कव्हरेज, आणि पुढून सतत ब्लिट्झ, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर जादा माणसं सोडायची, ही त्याची पद्धत. सुरुवातीची तीन वर्षं यार्डांच्या हिशेबात त्याचा बचाव देशातल्या अगदी वरच्या संघांत होता. मग ओहायो स्टेटने २०१८ मध्ये ६२ गुण ठोकले आणि २०१९ मध्ये ५६. उपाय तसा साधा होता: वेगवान रिसीव्हर मैदानाच्या आडव्या रेषेत एकमेकांना ओलांडून पळवायचे. पाठलाग करणारा बचावपटू गर्दीत अडकतो, अर्धं पाऊल मागे पडतो, आणि त्या अर्ध्या पावलातून सत्तर यार्ड निघतात. इतर सामन्यांत हा दोष खेळाडूंच्या दर्जाखाली झाकला जायचा. २०२० मध्ये मिशिगनने सहा सामने खेळून दोनच जिंकले आणि ब्राउन गेला. पण निदान बरोबर झालं होतं: माणसं आहेत, पोथी जुनी झाली आहे. पुढची निवड त्या निदानावरून झाली. त्याकडे येतोच.

आधी तुमचा मुद्दा, म्हणजे आकड्यांचा, कारण माझी चूकही तिथलीच.

माझ्या पहिल्या निवडीच्या वेळी मला सांगितलं, बारा उमेदवारांचा तक्ता कर. मी नव्या सुनेच्या उत्साहाने केला. दर सामन्याला दिलेले गुण, दिलेले यार्ड, मिळवलेले टर्नओव्हर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू. एक नाव तिन्ही रकान्यांत वर होतं. मुख्य कोचने तक्ता बघितला, त्या माणसाला बोलावलं, तो बोलायला गोड, घेतला. पहिल्याच हंगामात आमच्या बचावाच्या चिंध्या झाल्या. मागाहून मी बसून हिशेब मांडला. त्याच्या जुन्या संघाचा हल्ला अतिशय संथ होता. सतत धावत चेंडू पुढे न्यायचा, घड्याळ पळू द्यायचं. प्रतिस्पर्ध्याला सामन्यात मोजक्याच ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जायच्या पाळ्या, मिळायच्या, त्यामुळे 'दर सामन्याला' हे आकडे आपोआप सुंदर दिसायचे. आमचा हल्ला घाईचा. तीन चाली फसल्या की मिनिटभरात आमचा दमलेला बचाव पुन्हा मैदानात. शिवाय त्याच्या टर्नओव्हरमध्ये मोठा वाटा प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंचा होता. चेंडू सोडवणं हे कौशल्य आहे, पण सुटलेला लंबगोल चेंडू कोणाकडे उसळेल हे बरंचसं दैव. त्या माणसाला कोणी फसवं म्हणू नये, त्याने काही लपवलं नव्हतं. तक्ता माझा होता.

तेव्हापासून मी 'दर सामन्याला' हा शब्द तक्त्यात येऊ देत नाही. दर चालीला किती यार्ड दिले ते बघतो. दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्यात हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यात सत्तर टक्के आणि तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण मिळाले तर हल्ल्याची चाल यशस्वी धरायची, असा एक रूढ हिशेब आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला किती टक्के यश मिळालं ते बघतो. आणि लांब चाली वेगळ्या मोजतो, कारण चौदा चालींत रांगत रांगत गुण देणारा बचाव आणि एका चालीत ऐंशी यार्ड देणारा बचाव यांचे आजार वेगळे. हे सगळं प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीने भागून. तरीही आकड्यांचा उपयोग मी फक्त चाळणीसारखा करतो, बारांचे पाच करायला. पाचांतून एक आकड्यांनी निवडता येत नाही, कारण त्या आकड्यांत खेळाडूंचा वाटा किती आणि डीसीचा किती, हे वेगळं काढण्याचं यंत्र अजून कोणाकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच.

मुलीच्या मित्रांचं म्हणणं, जुना गाजलेला माणूस. याला उत्तर म्हणून मी नेहमी लुइझियानाला जातो. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, २०१९ चा हंगाम एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदाने संपवला. त्यांचा डीसी डेव्ह अरांडा बेलरचा मुख्य कोच होऊन गेला. त्याच्या जागी बो पेलिनी आला. हाच पेलिनी २००५ ते २००७ तिथे डीसी होता, २००७ चं विजेतेपद त्याच्या नावावर. लोकांना वाटलं घरचा माणूस घरी आला. मधल्या काळात तो सात वर्षं नेब्रास्काचा मुख्य कोच होता आणि नंतर पाच वर्षं यंग्सटाउन स्टेटमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या विभागात. वरच्या विभागातला खेळ नेमका त्याच वर्षांत पालटला.

२६ सप्टेंबर २०२०, एलएसयूचं गाव बॅटन रूज, समोर मिसिसिपी स्टेट आणि त्यांचा नवा कोच माइक लीच, ज्याचा 'एअर रेड', म्हणजे सतत चेंडू फेकत राहणारा, हल्ला तोवर सगळ्यांनी पाहिलेला होता. एलएसयू मॅन कव्हरेजमध्ये राहिली. मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार खेळाडू, के. जे. कॉस्टेलो याने ६२३ यार्ड फेकले, एसईसी या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या लीगमधला विक्रम. निकाल ४४-३४. खरी गंमत पुढच्या शनिवारी. तोच लीच, तोच कॉस्टेलो, समोर अर्कान्सा, जो संघ एसईसीत सलग वीस सामने हरलेला. त्यांचा डीसी बॅरी ओडम याने फक्त तीन जण पुढे पाठवले आणि आठ जण मागे पसरून ठेवले. फेकायला जागाच नाही. अर्कान्सा २१-१४ ने जिंकली. एका आठवड्याचं अंतर, आणि अर्कान्साकडे एलएसयूच्या पासंगाला पुरतील असे खेळाडूही नव्हते.

पेलिनीच्या बाजूने बोलायचं तर कोविडमुळे त्या वर्षी वसंतातला सराव जवळजवळ झालाच नाही, विजेत्या संघातले बरेच खेळाडू एनएफएलला गेले होते आणि सर्वोत्तम कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, त्या दिवशी आजारी होता. पण सराव मिळणार नाही हे दिसत असताना नव्या पोथीचा हट्ट धरायचा की मुलांना येत असलेल्या पोथीवर भागवायचं, हा निर्णय डीसीचाच. हंगाम संपताच तो गेला, करारातले पैसे मात्र विद्यापीठाला मोजावे लागले. म्हणून जुन्या नावाला माझा एकच प्रश्न असतो: तुम्ही शेवटचं काय बदललंत, आणि कोणामुळे? उत्तरात गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एखाद्या पराभवाचं नाव निघालं तर पुढे बोलू. जुन्या विजेतेपदाची अंगठी पुढे आली तर चहा पाजून निरोप.

भाच्याचं मत मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि तिथे मिशिगनची गोष्ट पुढे जाते. ब्राउननंतर मिशिगनचा तेव्हाचा मुख्य कोच जिम हार्बॉ याने एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा लाइनबॅकर (बचावाची मधली फळी) कोच माइक मॅकडॉनल्ड याला आणलं. वय ३३, स्वतः डीसी म्हणून एकही सामना चालवलेला नाही. रेव्हन्सचा तेव्हाचा मुख्य कोच जिमचा सख्खा भाऊ जॉन, त्यामुळे "भावाकडून उसना आणला" अशी टिंगलही झाली. पण त्यात एक शहाणपण होतं: माणसाबद्दलची खरी माहिती सख्ख्या भावाकडून मिळाली, एजंटकडून नव्हे. मॅकडॉनल्डने चिकटून खेळण्याऐवजी जागा राखणारा आणि चाल सुरू झाल्यावर रूप पालटणारा बचाव आणला, म्हणजे निदान झालेल्या आजारावरचंच औषध. त्याच वर्षी, २७ नोव्हेंबर २०२१ ला, मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं. एका वर्षाने तो रेव्हन्सचा डीसी होऊन परत गेला. हार्बॉने पुन्हा त्याच मुशीतला जेसी मिंटर आणला, जो आधी रेव्हन्समध्येच होता. खेळाडूंची भाषा बदलली नाही, चालींची नावं बदलली नाहीत. २०२३ मध्ये तो संघ १५-० राहिला, सामन्याला साधारण दहा गुण देऊन. मॅकडॉनल्ड सापडला ही एक गोष्ट, पण तो गेल्यावर पाटी पुसली नाही हे मला जास्त मोठं वाटतं.

तरी भाच्याला सांगा, एनएफएलमधून येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी विचाराव्यात, आणि तो उत्तर देताना फळ्यावर आकृती काढतो की हवेत हात हलवतो ते बघावं.

पहिली मैदानाची. मैदान १६० फूट रुंद. चाल ज्या दोन खुणांच्या रांगांमधून सुरू होते, त्या हॅश, एनएफएलमध्ये एकमेकींपासून साडेअठरा फुटांवर असतात, कॉलेजात ४० फुटांवर. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं रान. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो, बचाव दोन्हीकडे सारखा लावता येतो. त्या १०० फुटांचा बंदोबस्त कोण करणार, हा कॉलेजच्या बचावाचा रोजचा डोकेदुखीचा प्रश्न, आणि आयुष्य एनएफएलमध्ये गेलेल्या माणसाला तो कधी पडलेलाच नसतो.

दुसरी आरपीओची, म्हणजे रन-पास ऑप्शनची. या चालीत क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो आणि बचावाचा एक ठरावीक खेळाडू काय करतो ते बघून तो द्यायचा की फेकायचा हे ऐन क्षणी ठरवतो. एनएफएलमध्ये पास होण्याआधी हल्ल्याचे अडवणारे गडी चाल सुरू होते त्या रेषेपुढे एकच यार्ड जाऊ शकतात, कॉलेजात तीन. ही दोन यार्डांची सूट म्हणजे लाइनबॅकरच्या डोळ्यांत धूळ आहे. अडवणारा पुढे आलेला दिसतो, लाइनबॅकर धाव समजून झेपावतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. यावर ज्याच्याकडे तयार उत्तर नाही त्याने आधी एक वर्ष कुठेतरी विश्लेषक म्हणून बसावं असं माझं प्रांजळ मत. मिंटरही मिशिगनला येण्यापूर्वी एक हंगाम वँडरबिल्टला कॉलेजचा डीसी होता, हे लोक विसरतात.

वेळेचा प्रश्न तर आहेच. एनएफएलचा खेळाडू दिवसभर तेच करतो. कॉलेजच्या खेळाडूला हंगामात सराव, बैठका, व्हिडिओ सगळं धरून आठवड्याला २० तासांची मर्यादा, वर अभ्यास. त्यात भर म्हणजे निम्मा बचाव दरवर्षी नवा. ट्रान्सफरवरची वर्षभर बाहेर बसण्याची अट गेल्यापासून आज तुमच्याकडे खेळणारा पोरगा पुढच्या जानेवारीत दुसरीकडे असू शकतो. म्हणजे डीसीची पोथी कितीही पल्लेदार असो, एकोणीस वर्षांच्या, जूनमध्ये आलेल्या मुलाला ती सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत किती समजेल, तेवढीच ती खरी. बाकीची कपाटात.

आमच्या दुसऱ्या विद्यापीठातला मुख्य कोच हे ओळखून होता. पहिल्या फटक्यानंतर शहाणा झालेला मी आणि आधीपासून शहाणा असलेला तो, आमचं बरं जमलं. मुलाखतीत तो उमेदवाराला म्हणायचा, "तुझं सगळ्यात लाडकं कव्हरेज याला शिकव. दहा मिनिटं." याला म्हणजे मला. कबड्डीच्या मैदानाबाहेर कधी कोणाला पकडलेलं नाही असा, चष्मा लावणारा माणूस. दहा मिनिटांनी तो मला उभं करायचा, खुर्च्या हलवून हल्ल्याची रचना मांडायचा आणि विचारायचा, "तू सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) आहेस, हा आत वळला, तू कुठे?" मला आलं तर उमेदवार पुढे. एक मोठ्या नावाचा गृहस्थ पहिली सात मिनिटं संज्ञाच सांगत बसला. दुसरा, खालच्या विभागातून आलेला, त्याने मला आधी विचारलं, "तू कोणता खेळ खेळला आहेस?" मी कबड्डीची साखळी सांगितली. त्याने फळ्यावर सात टिंबं काढून घेतली आणि त्यातूनच तीन जणांत दोन रिसीव्हर कसे वाटून घ्यायचे ते शिकवलं. आम्ही त्यालाच घेतलं. तीन वर्षं राहिला, नंतर मोठ्या ठिकाणी गेला.

दुसरी परीक्षा याहून कठीण. उमेदवाराच्याच संघाचा सर्वांत वाईट सामना लावायचा, आवाज बंद. ऐंशी यार्डांची चाल आली की थांबवायचं आणि गप्प बसायचं. कोणी म्हणतो, "त्या पोराने चूक केली." कोणी म्हणतो, "मी चुकीची चाल दिली." दोन्ही उत्तरं अर्धी. मला ऐकायचं असतं ते: पोराला असं का वाटलं, सोमवारी आम्ही सरावात काय बदललं, आणि तीन आठवड्यांनी तीच चाल पुन्हा आली तेव्हा काय झालं. तो तिसऱ्या आठवड्याचा व्हिडिओ स्वतः मागून दाखवणारा मला आजवर एकच भेटलाय. संदर्भासाठी फोनही अर्जात लिहिलेल्या माणसांना करत नाही. ते चांगलंच बोलणार. करतो तो त्याच्याविरुद्ध दोन-तीन वर्षं खेळलेल्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरना, म्हणजे हल्ल्याच्या सूत्रधारांना: "मध्यंतरानंतर त्याच्यासमोर काय चाललं नाही?" विरोधकाला त्याची भीड नसते.

शिकवायला वेळ लागतो, हे जिम नोल्सच्या बाबतीत उघड दिसलं. मिशिगनकडून हरल्यावर ओहायो स्टेटने डिसेंबर २०२१ मध्ये त्याला ओक्लाहोमा स्टेटमधून आणलं. पहिल्याच वर्षी मिशिगनने ४५-२३ ने धुतलं, ४५ यार्डांच्या किंवा त्याहून लांब अशा पाच चालींवर पाच टचडाउन. ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, त्याला घालवायची भाषा सुरू झाली. विद्यापीठाने घालवलं नाही. तिसऱ्या वर्षी, २०२४ च्या हंगामात, त्याच्या बचावाने देशात सर्वांत कमी, सामन्याला १२.९ गुण दिले आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला. लगेच पेन स्टेटने वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर देऊन त्याला नेलं. म्हणजे काका, तुमचंच सूत्र: आकड्यांत पहिला, जास्त पैसे, उचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या बचावाने तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएला ४२ गुण दिले, आठवडाभराने मुख्य कोचचीच गच्छंती झाली. इकडे ओहायो स्टेटने आणला मॅट पॅट्रिशिया, जवळजवळ सगळी कारकीर्द एनएफएलमधली, आणि बचाव जसाच्या तसा अभेद्य. मग नोल्स वाईट आणि पॅट्रिशिया थोर? छे. ओहायो स्टेटचे खेळाडू तेच दर्जेदार, आणि मुख्य म्हणजे हाताखालचे कोच राहिले. लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथे डिफेन्सिव्ह लाइन शिकवतो. नव्या डीसीची भाषा मुलांच्या कानी पडली ती ओळखीच्या तोंडातून. म्हणून मुलाखतीत मी आवर्जून विचारायला लावतो: आमच्या पोझिशन कोचपैकी, म्हणजे एकेका फळीला शिकवणाऱ्यांपैकी, कोणाला ठेवणार? "सगळे माझेच आणणार" म्हणणाऱ्याच्या पगाराच्या दुप्पट खर्च धरावा.

आतलाच माणूस बढती देऊन घेण्याचा मार्गही आहे. हंगामाअखेरच्या ऑरेंज बोल सामन्यातल्या ७०-३३ अशा पानिपतानंतर, जानेवारी २०१२ मध्ये, क्लेम्सनने ब्रेंट व्हेनेबल्सला ओक्लाहोमाहून आणलं होतं. तो दहा हंगाम राहिला, दोन राष्ट्रीय विजेतेपदं झाली. (सामन्यात हा गृहस्थ इतका पेटायचा की त्याला मैदानात घुसू न देता मागे ओढण्यासाठी एक माणूस नेमलेला असे.) तो मुख्य कोच होऊन गेल्यावर क्लेम्सनने वेस गुडविन या विश्लेषकालाच डीसी केलं. आमच्या पंगतीतला माणूस म्हणून मला कोण आनंद झाला. तीन हंगामांनी, जानेवारी २०२५ मध्ये, त्याला मोकळं केलं. बढती द्यायला हरकत नाही, पण घर चालतंय ते घरच्या सवयीने की एका माणसाच्या धाकाने, हे आधी बघावं.

आता ज्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही ते. बऱ्याच फसलेल्या निवडींत दोष डीसीचा नसतो, मुख्य कोचला खरं तर डीसी नको असतो. त्याला हवा असतो होयबा. मुख्य कोच स्वतः बचावातून वर आलेला असेल तर तिसऱ्या प्रयत्नाला सात यार्ड हवे असताना हेडफोनवर त्याचा आवाज येतोच. २०२४ पासून वरच्या विभागात एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, चालीच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्या तुटपुंज्या वेळात दोन माणसं बोलली तर पोराला दोन्ही ऐकू येत नाहीत. म्हणून चांगला उमेदवार मुलाखतीत उलट विचारतो: "चाल कोण देणार? आणि हल्ल्याची गती कोण ठरवणार?" दुसरा प्रश्न विचारणारा मला लाखमोलाचा वाटतो. त्याला कळलेलं असतं की त्याचा बचाव किती दमणार हे अर्धं दुसऱ्या कोऑर्डिनेटरच्या हातात आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात. हायस्कूलच्या मुलांच्या सह्या डिसेंबरच्या सुरुवातीला आणि ट्रान्सफरची खिडकी जानेवारीत, त्यामुळे निवडीला महिनाही मिळत नाही. सरकारी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी जागेची जाहिरात द्यावी लागते. ती झळकते तेव्हा माणूस बहुधा ठरलेला असतो. आपल्याकडच्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वर्तमानपत्रांत जी नावं फिरतात त्यातली बरीच एजंटांनी सोडलेली, आपल्या माणसाचा पगार आहे तिथेच वाढावा म्हणून. ती वाचून घरात भांडू नका.

तुमच्या मुलीच्या विद्यापीठाने कोणाला घ्यावं, हे मी सांगणार नाही, कारण जुना का गेला ते मला माहीत नाही. पण निवड कशी झाली याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या घेता येईल. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एक लांब चाल मिळेलच, कोणालाही मिळते. तेव्हा चेंडूकडे बघू नका. बचावातल्या मागच्या चार-पाच पोरांकडे बघा. तळहात वर करून एकमेकांकडे बघत असतील तर कोणाची जागा कोणती हेच त्यांना कळलेलं नाही. त्यातला एखादा स्वतःच्या छातीवर हात आपटून "माझी होती" म्हणत असेल, तर गुण गेले तरी चॅनल बदलू नका.